उपटणे आणि लावणे



यिर्मयाला पाचारण झाले तेव्हा देवाने त्याच्यावर सोपवलेल्या कामांत लावणे होते, तसे उपटणेही होते. उपटण्याविषयी आपण क्वचितच बोलतो. पावसाळ्यात रोपे लावली, फोटो काढला, की सृष्टीची सेवा झाली असे मानतो.

आपल्या जुन्या धारवाड जिल्ह्यातल्या, आताच्या हावेरीतल्या, कुसनूर गावाने ही दोन्ही कामे एकाच दिवशी केली. १९८४ साली कर्नाटक सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून ‘कर्नाटक पल्पवुड’ ही कंपनी काढली. रेयॉनच्या लगद्यासाठी निलगिरी लावायला सुमारे ३०,००० हेक्टर सरकारी जमीन तिला द्यायचे ठरले. कागदावर ती पडीक होती. प्रत्यक्षात गावांची गुरे तिथे चरत, चुलीचे सरपण तिथून येई. निलगिरीचा पाला गुरे खात नाहीत.

धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाच्या पुढाकाराने १४ नोव्हेंबर १९८७ रोजी लोक कुसनूरला जमले. सत्याग्रहाचे नाव होते ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा. त्यांनी निलगिरीची रोपे उपटली, त्या जागी फळांची व चाऱ्याची झाडे लावली, ती जगवण्याची शपथ घेतली आणि मगच ते पांगले. १९९१ मध्ये ती कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला.

कुणी म्हणेल, निलगिरी हेही झाडच ना? अहाब राजालाही नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या जागी भाजीचा मळाच करायचा होता. पैसेही द्यायला तो तयार होता. पण ते नाबोथाचे वतन होते आणि त्याने नकार दिला होता. हिरवे काय लावले यापेक्षा, ज्यांचे पोट त्या जमिनीवर आहे त्यांना विचारले का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. कारखाना चालावा, रोजगारही मिळावा. पण गरिबाच्या चुलीतले सरपण काढून घेऊन नव्हे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. यंदा आपल्या पॅरिशने रोपे आणण्यापूर्वी त्या जागेवर शेळ्या चारणाऱ्याला आणि सरपण वेचणाऱ्या बहिणीला विचारावे: कोणते झाड हवे? चैत्र-वैशाखात पाणी कोण घालील, तेही त्याच दिवशी ठरवावे. एदेन बागेत आदामाला मशागतीबरोबर राखणही सांगितली होती.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान आणि राखणारे हात देवो. आमेन.