गायक कोण मोठा? आधी कवीचे नाव घ्या!

एप्रिल महिना जवळ आला की वस्तीवस्तीत एक वाद रंगतो. जयंतीला गायन पार्टी कोणाची आणायची? मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा हिशोब दहा मिनिटांत उरकतो, पण या एका प्रश्नावर मध्यरात्र उलटते. कोणी म्हणतो, प्रल्हाद शिंदेंसारखा गळा पुन्हा होणे नाही. दुसरा लगेच अडवतो, त्यांनी विठ्ठलाचीही गाणी गायिली, त्याचे काय? तिसरा विठ्ठल उमपांच्या पहाडी आवाजाची आठवण काढतो. तरुणांना आनंद, मिलिंद, आदर्श शिंदे हवे असतात. बायांना एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात आपल्या वाटतात. कॉलेजातली पोरे तर थेट चेन्नई गाठतात, पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये मंचावर आलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’चे नाव घेतात.

हा वाद आम्हाला आवडतो. गाण्यावरून मित्र मित्र भांडतात आणि एकाच ताटात जेवतात, ही चळवळ जिवंत असल्याची खूण आहे. प्रल्हाददादांच्या भक्तिगीतांबद्दल आमचे म्हणणे एवढेच की, गळ्यावर पोट असलेल्या कलावंताचा हिशोब घरी भाकरी तयार असणाऱ्यांनी मांडू नये.

पण या सगळ्या वादात एक नाव येतच नाही, ते म्हणजे गाणे लिहिणाऱ्याचे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसांपर्यंत गाण्यातून नेला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले आणि आयुष्यभर समाजाला शहाणे करीत गावोगाव हिंडले. त्यांनी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफले. आज गाणाऱ्याला घाई असते, तेच कडवे गळते. डीजेवर तर नुसते ध्रुपद उरते. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या आघाताने शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांत स्वतःला संपवले. त्यांचे एक तरी गाणे आज किती मंडळांना पाठ आहे?

डीजेला हजारो रुपये मोजायचे आणि म्हाताऱ्या शाहिराला शाल-नारळावर वाटेला लावायचे, हा कुठला न्याय? त्याच्या घरातल्या वह्या वाळवी खाते आहे. ती वही गेली की गाणे गेले आणि गाण्यासोबत आपला इतिहासही गेला, कारण आपला बराच इतिहास पुस्तकांच्या आधी गाण्यांतच नोंदवला गेला आहे.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे. मंचावर प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव पुकारा. शेवटचे कडवे गाळू नका. डीजेच्या खर्चातला थोडा वाटा काढून वस्तीतल्या जुन्या शाहिरांच्या वह्या उतरवून घ्या, त्यांचा आवाज मोबाईलवर टिपा आणि हा ठेवा बुद्धविहारात जतन करा.

मग मोठा कोण, यावर पहाटेपर्यंत खुशाल भांडा. आम्हीही येऊ भांडायला. जयभीम!