भिंतीतला गोचीड

ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायात गोचिडाचा दृष्टांत घेतला तो गाईच्या आचळापाशी, आणि तेव्हापासून आपणा सर्वांची नजर त्या आचळावरच खिळून राहिली आहे की काय, असे धाराशिव जिल्ह्यातले गोठे पाहताना मला वाटत आले आहे. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाच्या या मुलखात कुत्र्याला देवाजवळ मान असला, तरी त्याच्या कानात सहसा कोणी डोकावत नाही. ते मागच्या पायाने कान ओरबाडू लागले म्हणजे मग घरातले वडीलधारे माणूस अंगणात बसून एकेक गोचीड उपटते, दगडाने ठेचते आणि बंदोबस्त झाला असे मानून हात धुते. वास्तविक त्या जीवाच्या आयुष्याचा फार थोडा भाग जनावराच्या अंगावर जातो. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म झालेली मादी आपण होऊन गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरते, तेथे दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पुढची पिढी त्या भेगेत महिनोन्‌महिने उपाशी राहून पुढच्या जनावराची वाट पाहू शकते.

आणि भेगांना आपल्याकडे काय तोटा! दगडमातीच्या रुंद भिंती व वर मातीचे माळवद ही या भागाची पिढीजात वहिवाट. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटेच्या भूकंपात सास्तूर-किल्लारीच्या टापूत याच भिंतींनी हजारो माणसे गाडली. माणसांनी घरे बदलली, पण जुन्या भिंतींच्या आडोशाला बांधलेली गुरे आजही दिसतात, आणि उस्मानाबादी शेळी तर पुष्कळदा माणसाच्याच ओसरीला असते. पुढच्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा उपद्रव माजला आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे नाव निघाले. उंदरावरची पिसू या रोगाची वाहक असल्याचे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ सालीच दाखवून दिले होते. कुत्र्यामांजरांवरच्या पिसवेचा संसारही असाच आहे: तिची अंडी, अळ्या आणि कोष केसांत नव्हे, तर अंथरुणात, पोत्यात आणि जमिनीच्या धुळीत वाढतात.

तेव्हा उपचाराचा आरंभ भिंतीपासून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भेगा लिंपाव्यात, चुना द्यावा, आणि कडबा व गवत दूर नेऊन जाणत्या माणसाच्या हातून भिंतीवर ज्योत फिरवून घ्यावी. गोठ्यात कोंबड्या सोडण्याची जुन्या बायकांची रीत अडाणीपणाची नव्हती; कोंबडी गोचीड आवडीने वेचते. उलट जनावराला रॉकेल किंवा डिझेल चोपडण्याची रीत मात्र शुद्ध अघोरी आहे. त्याने कातडी भाजते.

अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात बुडवावा. औषधाची फवारणी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी आणि ती एकदा करून थांबू नये, कारण भेगेत राहिलेली पिले अजून यावयाचीच असतात. कुत्र्याचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणे म्हणजे त्याला विष घालणे होय, हे दुकानदार सांगेलच अशा भरवशावर राहू नये.

गोचीडतापाने ग्रासलेली गाय चारा सोडते, अंग तापते, कधी लघवी तांबडी होते. देवणी किंवा लाल कंधारी त्यातून बहुधा निभावते. कर्ज काढून आणलेली संकरित गाय मात्र दोनचार दिवसांत हातची जाऊ शकते, म्हणून अशा वेळी घरगुती काढ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. औषध टोचल्यानंतर दूध किती दिवस वर्ज्य समजावे, याचा तपशील वेष्टनावर छापलेला असतो. भूम तालुक्यातील खवाभट्टीवर घागर पोचती करण्यापूर्वी तो घरातल्या शाळकरी मुलाकडून तरी वाचून घ्यावा.