कॉफीचा काढा

आम्हा मराठी माणसांना कॉफी करता येत नाही, हे एकदा कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आम्ही करतो तो काढा! दुधात कॉफी आणि साखर एकदम लोटायची, चहासारखी खळाखळा उकळायची आणि हे पाप झाकायला वर जायफळ उगाळायचं. उकळताना सुवास घरभर जातो. कपात उरतो तो कडवटपणा.

माटुंग्याला आजही डोळ्यांदेखत दळून मिळते. चिकोरी शंभरात वीसच्या वर नको. दुमजली फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन चमचे पूड हलकेच दाबा, आधण उतरवून क्षणभराने ओता, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं गप्प बसा. घोडं पेंड खातं ते इथंच. गप्प बसणं आम्हाला जमत नाही.

"पाहुण्यांनी तोवर काय करायचं?" सौभाग्यवती विचारतात. वास घ्यावा!

तापात आईनं पाजलेली जायफळाची कॉफी मीही विसरलेलो नाही. पण गोड होती ती आईची माया; कॉफी बिचारी त्याही वेळी उकळून मेलेलीच होती. तेव्हा जायफळ श्रीखंडात घाला, कॉफीला कॉफीचा वास येऊ द्या.