संगणक कट्टा : फ्रेमची वेबसाइट – ठेवावी की मोडावी?

"मंडळाची जुनी वेबसाइट आता तूच सांभाळ" असं काम बहुतेक वेळा घरातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाकडे किंवा मुलीकडेच येतं. अशी साइट उघडली, की कधी कधी एक ओळखीचं दृश्य दिसतं. डावीकडे यादी असते : मुखपृष्ठ, कार्यकारिणी, दिवाळी अंक, संपर्क. उजवीकडे मजकूर. यादीतल्या नावावर क्लिक केलं की उजवी बाजू बदलते, डावी जागची हलत नाही. आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ताही बदलत नाही. तसं असेल, तर ती साइट बहुधा फ्रेम वापरून बांधलेली आहे.

फ्रेम म्हणजे एकाच खिडकीचे केलेले कप्पे. एक फाइल फक्त एवढंच सांगते, की डावा कप्पा २० टक्के आणि उजवा ८० टक्के. प्रत्येक कप्प्यात दुसरी वेगळी फाइल उघडते. १९९६ साली नेटस्केप नेव्हिगेटर २.० मध्ये ही सोय आली आणि १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये तिला अधिकृत जागा मिळाली.

त्या काळी फ्रेम वापरणाऱ्यांना नावं ठेवू नयेत, कारण फायदे खरे होते. टेलिफोनवरून चालणारं इंटरनेट अगदी चांगलं चाललं तरी सेकंदाला सुमारे ७ किलोबाइट देई. यादी आणि बोधचिन्ह मिळून ३५ किलोबाइट असतील, तर ५ सेकंद त्यातच जात. फ्रेममुळे हा भाग एकदाच उतरवावा लागे. दुसरा फायदा सांभाळणाऱ्याचा. शंभर पानांची साइट असली, तरी यादीत नवं नाव घालायला एकच फाइल बदलायची. शिवाय लांब लेख वाचताना अनुक्रमणिका कायम डोळ्यांसमोर राही.

मग बिघडलं कुठे? पानाच्या पत्त्यात. समजा, जुन्या दिवाळी अंकात तुमच्या आजीचा लेख आहे. तो उघडून पत्ता कॉपी केला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, तर सगळ्यांना मुखपृष्ठच दिसेल. बुकमार्क केला तरी तेच. उलट, शोधयंत्रातून कुणी थेट लेखाच्या फाइलवर पोचलं, तर त्याला यादीच दिसत नाही. लेख कोणत्या अंकातला, कोणत्या मंडळाचा, पुढे कुठे जायचं, काही कळत नाही. छापायला गेलं तर कधी लेखाऐवजी नुसती यादीच कागदावर येई. डोळ्यांनी न दिसणारे वाचक पान ऐकून वाचतात, त्यांना कप्प्याकप्प्यातून वाट काढावी लागते. मोबाइलवर तर पडद्याची रुंदी जेमतेम ७ सेंटीमीटर, तिचे २० टक्के म्हणजे दीड सेंटीमीटरसुद्धा नाही!

वेबच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९६ मध्येच फ्रेमवर कडक टीका केली होती. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये हे जुने कप्पे बाद ठरले. ब्राउझर ते अजून दाखवतात, पण नवीन काम त्यावर उभारू नये.

फ्रेमचे दोन्ही मोठे फायदे आता दुसऱ्या मार्गाने मिळतात. यादी एकाच फाइलमध्ये ठेवून सर्व्हरकडून प्रत्येक पानात आपोआप घालता येते. ती जागेवर स्थिर ठेवायचं काम सीएसएस करतं.

म्हणून काम हाती आलं, तर घाईने सगळं पुसून नवं करू नका. आधी पूर्ण साइटची प्रत काढून ठेवा. मग एकेका लेखाची फाइल शोधा. फायरफॉक्समध्ये मजकुरावर राइट क्लिक केलं, की 'धिस फ्रेम' या उपयादीतून ती वेगळ्या टॅबमध्ये उघडता येते आणि तिचा खरा पत्ता दिसतो. प्रत्येक पानावर लेखाचं नाव, लेखकाचं नाव, अंकाचं वर्ष आणि मुखपृष्ठाची लिंक घाला. फाइलींची नावं मात्र शक्यतो तीच ठेवा, म्हणजे कुणी पूर्वी दिलेल्या लिंक तुटणार नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवा. आयफ्रेम ही फ्रेमची धाकटी बहीण आजही कामाची आहे. सभागृहाचा नकाशा किंवा गणेशोत्सवाचा व्हिडिओ पानात बसवायचा, तर तीच लागते. मात्र पाहुण्याच्या मजकुरासाठीच ती वापरा आणि तिला शीर्षक द्या, म्हणजे ऐकून वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळेल. स्वतःचे लेख तिच्यात ठेवले, तर पत्त्याची तीच जुनी अडचण परत येईल.

काम झालं का, हे तपासायची सोपी रीत : जुन्या अंकातला कोणताही एक लेख उघडा, पत्ता कॉपी करा आणि दुसऱ्या गावच्या मावशीला किंवा काकांना पाठवा. त्यांच्या फोनवर तोच लेख उघडला, की पुढचा अंक घ्यायला हरकत नाही.