चिरंजीव कॉलेज सोडू म्हणतात

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असलेला मुलगा एके रात्री जेवणे आटोपल्यावर वडिलांसमोर उभा राहिला आणि ‘मला पुढे शिकावयाचे नाही, मी फुटबॉल खेळणार’ असे म्हणाला, तर आपल्या घरांतून काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. आजोबा चष्मा काढून बाजूस ठेवतील, काकांचा आवाज चढेल, आई उगाच भांडी आवरू लागेल, आणि शेवटी ‘आधी पदवी घे, मग काय हवे ते कर’ ह्या वाक्यावर सभा बरखास्त होईल. वाक्य वाईट नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे संसार ह्याच वाक्यावर उभे राहिले आहेत. परंतु ते उच्चारणाऱ्या वडीलधाऱ्यांस एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते, ती ही की फुटबॉलच्या धंद्यात ‘मग’ ह्या शब्दास फारशी जागा नाही.

वकिली तिशीत सुरू करता येते, ग्रंथ साठीतही लिहिता येतो. फुटबॉल खेळणाऱ्याचे पाय मात्र अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कसास लागतात आणि तिशी उलटली की बोलू लागतात. मोठ्या संघांच्या हाताखाली मुलांचे संघ असतात ते वयावरून लावलेले. तेराच्या आतले, पंधराच्या आतले, सतराच्या आतले. एकविसाव्या वर्षी पदवीची गुंडाळी हाती घेऊन जो तेथे जाईल, त्यास चार-पाच वर्षे तेच एक काम केलेल्या मुलांबरोबर उभे राहावे लागते. तेव्हा मुलाची घाई अगदीच पोरकट नसते, हे प्रथम कबूल करू या.

गोंदियासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच अडचणीचा होतो. येथील धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयातील किंवा दुसऱ्या एखाद्या कॉलेजातील मुलगा चांगला खेळला, तर नागपूर विद्यापीठाच्या संघात त्याची वर्णी लागावी एवढी त्याची पहिली झेप. नागपूर सुमारे १३० किलोमीटर. कामठी त्याच वाटेवर, आणि फुटबॉलची जुनी परंपरा असलेली. तेथल्या मैदानांवर त्यास आपली खरी किंमत थोडीफार कळते. त्यापलीकडे जावयाचे तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून मुंबईच गाठावी लागते. मुंबई-पुण्याचा मुलगा सकाळी सराव करून दुपारी वर्गात बसू शकतो. गोंदियाच्या मुलास मैदान निवडणे म्हणजे घर सोडणे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद २००९ पासून २०२२ पर्यंत गोंदियाच्याच प्रफुल्ल पटेल ह्यांच्याकडे होते, आणि २०१७ मधील सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्याच काळात आपल्या देशात झाली. पण दिल्लीतील खुर्ची गावची असली म्हणून गावच्या पोराचा आगगाडीचा प्रवास कमी होत नाही.

ह्या प्रश्नाची सर्वांत अधिक चर्चा चालते ती अमेरिकेत. त्यांचा फुटबॉल निराळा. लांबट चेंडू हातात धरून धावावयाचे आणि समोरच्याने अंगावर पडून अडवावयाचे. तेथे धंदेवाईक संघांत जाण्याची शिडीच कॉलेजच्या मैदानातून जाते. शाळा सुटल्यापासून तीन वर्षे झाल्याखेरीज ‘नॅशनल फुटबॉल लीग’ खेळाडूस दारात घेत नाही. मॉरिस क्लॅरेट नावाच्या खेळाडूने ह्या नियमाविरुद्ध दावा लावला, पण २००४ मध्ये वरच्या न्यायालयाने नियम कायम ठेवला. तीन वर्षांनंतर मात्र चौथे वर्ष पुरे करावयाचे की निघावयाचे, हे ज्याचे त्याने जानेवारीच्या मध्यापर्यंत ठरवावयाचे. आणि तेथली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. खेळाडूने विचारल्यास जाणत्या लोकांची एक समिती त्यास गुप्तपणे आपला अंदाज कळविते: तू पहिल्या फेरीत निवडला जाण्याजोगा आहेस, दुसऱ्या फेरीत, किंवा अजून कॉलेजातच राहिलेले बरे. प्रशिक्षक, दलाल, मामा आणि मित्र ह्यांच्या गोड शब्दांवर त्यास विसंबावे लागत नाही.

तरीही निर्णय सोपा होत नाही. अँड्र्यू लक हा स्टॅनफर्डचा खेळाडू २०११ मध्ये निघाला असता तर सर्वांत आधी निवडला जाईल असे जो तो म्हणत होता. तो गेला नाही. वास्तुरचनेचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि २०१२ मध्ये गेला तेव्हाही पहिलाच निवडला गेला. उलट मॅट लायनार्ट २००५ मध्ये असाच मागे राहिला; शेवटच्या सत्रात त्याने एकच विषय घेतला होता, आणि तो म्हणजे जोडीने करावयाचे नृत्य! पुढल्या वर्षी निवड झाली ती दहाव्या क्रमांकावर. त्यामुळे ‘थांबला तो तरला’ असा नियम ह्या दोन उदाहरणांवरून बांधता येत नाही. २०२१ पासून तेथील विद्यार्थी-खेळाडूंस आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळविण्याची मोकळीक झाली, तेव्हापासून घाईने निघणाऱ्यांची संख्या पुष्कळ उतरली. म्हणजे पुष्कळांची घाई विद्येच्या कंटाळ्याने नव्हती, घरच्या ओढगस्तीने होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडची गोष्ट मुळातच वेगळी आहे, आणि ती मुलास व वडिलांस दोघांसही स्पष्ट कळावयास हवी. आपल्या देशात कॉलेज ही फुटबॉलच्या धंद्याची शिडी नव्हे. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे पाहा. तो पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शाळकरी वयातच गेला, २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर असे संघ त्याने पाहिले. त्याच २०१७ च्या भारतीय संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा मराठी मुलगाही होता. ही मुले कॉलेजात जाण्याच्या वयापूर्वीच निवडली गेलेली. म्हणून दुसऱ्या वर्षाला असलेला, आंतरविद्यापीठीय सामन्यांत चमकलेला मुलगा जेव्हा ‘मी आता निघतो’ म्हणतो, तेव्हा त्यास विचारावे: बाळ, तुला बोलावले कोणी आहे की तू आपणहून निघाला आहेस? बोलावणे असेल तर ते कागदावर आहे काय? ह्या दोन प्रश्नांतच निम्मी चर्चा संपते.

आणि बोलावणारा तरी किती दिवस टिकणार, हाही विचार करावा लागतो. आपल्या महाराष्ट्रातच पाहू. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा १९६२ पासूनचा नामांकित संघ. त्यामागे केवढी मोठी कंपनी! तो २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी राष्ट्रीय लीगमध्ये नाव काढीत होता, तो गेला. डीएसके शिवाजीयन्स आला आणि २०१७ मध्ये मिटला. मुंबई एफसी त्याच सुमारास दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर थाटामाटाने जन्मला आणि २०१९ मध्ये पैशाअभावी संपला. दहा वर्षांत एका प्रांतातले पाच संघ! आपल्या कॉलेजांच्या भिंतींना ओल असते, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, निकाल वेळेवर लागत नाहीत, हे सारे खरे. पण कॉलेज सुट्टीनंतर जागेवर सापडते. त्यावर कडी म्हणजे जुलै २०२५ मध्ये खुद्द सुपर लीगचाच पुढील हंगाम संयोजकांनी थांबवून ठेवला, कारण महासंघाशी असलेला करार संपत आला होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे व नोकरवर्गाचे वेतन स्थगित केल्याचे जाहीर केले. ज्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात त्यांची ही स्थिती; मग खालच्या पायरीवर, नुकत्याच घर सोडून आलेल्या मुलाने महिनाअखेर काय करावे?

आपल्या आजोबांच्या पिढीने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला होता. प्रोफेसर देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्वही करीत. १९२६ मध्ये गिलिगनच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी शतक ठोकले आणि रणजी करंडक पुण्यास आला तेव्हा त्यांचे वय पन्नाशीकडे झुकले होते. तसे आता होणे नाही. खेळ आज सारा दिवस मागतो. पण देवधरांच्या उदाहरणाने ‘खेळणारा तो उनाड’ ही समजूत तरी आपल्या घरांतून जावयास हवी होती. ती पुरती गेलेली नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक, कवी. त्यांच्या धाकट्या मुलाची शाळा खेळासाठी बदलली, आणि मैदान जवळ पडावे म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहू लागला. १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी तो भारताकडून खेळला. पदवी घेतली नाही. सचिनचे नाव घेऊन मुलाने वडिलांस निरुत्तर करावे ह्यासाठी मी हे सांगत नाही. सचिन एकच झाला. मला त्यातले काका-काकूंचे घर महत्त्वाचे वाटते. आपल्या एकत्र कुटुंबांस नावे ठेवण्याची हल्ली रीत आहे. परंतु एकाने धोक्याची वाट धरली तर त्यास जेवू घालणारी, राहावयास कोपरा देणारी आणि अपयश आले तरी सामावून घेणारी ही संस्था नसती, तर किती मुलांस मैदान दिसले असते?

खाशाबा जाधवांची हकीकत मात्र डोळ्यांआड करू नये. राजाराम कॉलेजच्या ह्या मल्लास हेलसिंकीस पाठविता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले, गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली; आणि पोटापाण्यासाठी त्यांस १९५५ मध्ये पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर व्हावे लागले. आज राज्यात गुणी खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखीव आहेत, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण येथे एक खाच आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. राखीव जागा मिळाली तरी त्या पदास लागणारे शिक्षण लागतेच. म्हणजे खेळाचे पारितोषिक घ्यावयासही कित्येकदा पदवीच हाती असावी लागते!

म्हणून माझे मत असे आहे की, खरोखरीचे बोलावणे असेल तर मुलास जाऊ द्यावे, पण शिक्षणाचा धागा तुटू देऊ नये. ते आता पूर्वीइतके कठीण नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याच्या आधी १९८५ पासून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मधेच थांबून पुन्हा परत येण्याची, झालेल्या अभ्यासाची जमा राखण्याची सोय सांगितली आहे. कॉलेज सोडण्यापूर्वी प्राचार्यांस भेटून ह्याची चौकशी करावी; रागाच्या भरात नाव काढून दाखला घेऊन येऊ नये.

कराराविषयीही दोन शब्द. अठरा वर्षांखालील मुलाची सही आपल्या कायद्याने बांधील नसते. पालकांची सही मागितली जाईल, तेव्हा आपण काय लिहून देत आहो हे वकिलास दाखवावे. अठराखालच्या खेळाडूस तीन वर्षांहून अधिक काळ बांधू नये, असा फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. दुखापत झाल्यास औषधोपचार कोणी करावयाचा, त्या काळात वेतन चालू राहील की नाही, हे अवश्य पाहावे. गुडघ्यातील बंध तुटला की शस्त्रक्रिया होऊनही मुलगा बरेच महिने मैदानाबाहेर राहतो, आणि तेवढ्यात करार संपलेला असतो.

आणि त्या बरेच महिन्यांत तो राहणार कोठे? घरीच. चोविसाव्या वर्षी, पायास पट्टा बांधून, धाकटा भाऊ नोकरीस लागलेला असताना. त्या वेळी जेवताना कोणी काय बोलावयाचे नाही, हे निघण्यापूर्वीच घरात ठरलेले बरे. अमुक इतकी वर्षे आम्ही खर्च सोसू, त्यानंतर तू परीक्षा देशील. ह्या बोलीत आजोबांनी, काकांनी आणि विशेषतः ज्यांस कोणी विचारीत नाही त्या काकूंनीही भाग घ्यावा, कारण वाढीव खर्चाची झळ त्यांच्या मुलांच्या फीसही लागणार असते.

येथवर मी ‘चिरंजीव’च लिहीत आलो. पण भारतीय महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली, सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा २०२२ मध्ये भुवनेश्वर, गोवा व नवी मुंबई येथे झाली, आणि हाच हट्ट आता मुलीही धरू लागल्या आहेत. पैसा त्यांच्या खेळात आणखी थोडा. चौकशी, करार आणि गुडघा ह्यांविषयीचे सारे तेच. घरात मात्र तिच्या बाबतीत ताबडतोब लग्नाचा विषय निघतो. त्यासंबंधी पुढील अंकी लिहीन.