असा प्राणी कोठें पाहिलास?

चित्रकलेच्या तासाला एकदां आम्हीं मुलांस पोळ्याचा बैल काढावयास सांगितला. एका मुलानें बैलास मागल्या पायांच्या जागीं माशाचें शेपूट लाविलें, डोळा माणसाचा काढिला व सर्वांग जांभळें रंगविलें. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली आणि विचारलें, "असा प्राणी कोठें पाहिलास?" वर्ग हसला, मुलानें वही मिटली.

पुढें हिवाळ्यांत शाळेची सहल अजिंठ्यास गेली. आपल्या पिंप्राळ्याहून तीं लेणीं सुमारें ६० किलोमीटर. पहिल्या लेण्यांत पद्मपाणीच्या सुप्रसिद्ध चित्राजवळ आम्ही उभे राहिलों. त्या चित्रांत किन्नर आहेत: वरचें अंग मनुष्याचें, खालचें पक्ष्याचें, आणि हातांत वाद्य! त्याच लेण्यांतील एका स्तंभावर चार हरणें कोरलेलीं आहेत. धडें चार, पण मस्तक एकच. कोणत्याही धडाकडून पाहावें, तें मस्तक त्याचेंच वाटतें. आमचा प्रश्न आम्हांसच ऐकूं आला: असा प्राणी कोठें पाहिलास?

इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळांत, हें काम झालें. सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्या वराहदेव प्रधानाचें नांव आहे. किन्नर रंगविणाऱ्याचें नांव मात्र आपणांपर्यंत आलें नाहीं. त्याचें काम तेवढें आपल्यापुढें आहे. खडकावर चिखल-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी आणि दूर बदख्शानांतून येणाऱ्या लाजवर्दाची निळाई. नसलेल्या प्राण्यासाठीं एवढे कष्ट! आणि तो चित्रकार कांहीं डोळे मिटून बसला नव्हता. त्याच लेण्याच्या छतावर कमळांतून धांवणारा हत्ती पाहा. ज्यानें खरा हत्ती इतका न्याहाळिला, त्यालाच खोटा प्राणी खरा करितां येतो.

युरोपांत १९२४ सालीं आंद्रे ब्रतों यानें पॅरिसमध्यें अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढिला, आणि स्वप्नांतील रूपांस चित्रांत मानाचें स्थान मिळालें. आपल्या डोंगरांत तें स्थान पंधराशें वर्षांपूर्वींच मिळालें होतें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, अशा चित्रांस गुण कोण देईल? शंका रास्त आहे. मुलानें बैलहि नीट काढावयास शिकलेंच पाहिजे. हात न बसवितां केलेली कल्पना म्हणजे नुसता गोंधळ. पण कल्पनेस हंसून हात बसत नाहीं. तो केवळ थांबतो. घरीं मुलानें असें चित्र पुढें ठेविलें, तर "हें काय भलतेंच?" म्हणूं नये. हा प्राणी काय खातो, कोठें राहतो, हीं दोन अंगें कोठें जोडलीं, असें विचारावें. त्या प्रश्नांनीं मूल पुन्हा खऱ्या बैलाकडे व खऱ्या माशाकडे पाहावयास जाईल.

सहलीहून परततांना आम्ही त्या मुलाशेजारीं बसलों व म्हणालों, "आमची चूक झाली. तुझा बैल चालतो तरी कसा?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तो चालत नाहीं. पोहतो."

तांबडी रेघ आतां पुसतां येत नाहीं. पण वही पुन्हा उघडली आहे.