आमची दुसरी पसंती कुठे जाते?

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य, यांस


एकही मतदार मागे राहू नये, हे निवडणूक आयोगाचे ब्रीद आपण आम्हाला वारंवार ऐकवता. मग डिसेंबर २०२०च्या औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत वीस हजारांहून अधिक मते बाद झाली, ते मतदार कुठे राहिले? नांदेड-लातूरसह आठ जिल्ह्यांतले हे लोक, प्रत्येकाकडे पदवी. अडाणी म्हणून हात झटकायची सोय आपल्याला इथे नाही.

चूक कशी होते, हे आपण जाणताच. एरवी यंत्राचे बटण दाबणाऱ्याच्या हाती पस्तीस उमेदवारांची मतपत्रिका आणि जांभळे स्केचपेन येते. तो सवयीने बरोबरची खूण करतो, नाहीतर सुवाच्य अक्षरांत 'एक' लिहितो. पसंती आकड्यातच लिहायची असते, म्हणून मत बाद. खिशातला पेन काढला, तरी बाद. नमुना मतपत्रिकेवर गावोगाव सराव करून घ्यायला आपल्याला कोणी अडवले आहे?

त्याहून मोठा घोळ दुसऱ्या पसंतीचा. प्रचारवाले सांगतात, "फक्त १ लिहा, दुसऱ्याला पसंती दिली की आपलं मत कटतं." हे धादांत खोटे आहे, आणि आपण ते खणखणीतपणे खोडत नाही. वैध मतांच्या निम्मे अधिक एक, हा कोटा पहिल्या पसंतीत कुणी गाठला की निकाल लागला. नाही गाठला, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या, अजून रिंगणात असलेल्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात जातात. आपला माणूस रिंगणात असेपर्यंत दुसरी पसंती कुणी पाहतही नाही. तो बाद झाला, की नुसता '१' असलेली मतपत्रिका तिथेच संपते. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद विभागाच्याच शिक्षक मतदारसंघात उमेदवार विक्रम काळे आघाडीवर होते, तरी पहिल्या पसंतीत कोटा गाठता आला नाही आणि पुढच्या पसंतीची मते मोजावी लागली. त्या मोजणीत किती गुरुजींच्या मतपत्रिका अशा संपल्या?

मतदार यादीचे तर बोलायलाच नको. दर निवडणुकीला जुनी यादी रद्द, पुन्हा नमुना १८चा अर्ज, पुन्हा पदवीचा पुरावा. आमची पदवी काय सहा वर्षांनी शिळी होते?

२०२० साली निवडून आलेल्या पदवीधर आमदारांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. त्याआधी आम्हाला एवढे लेखी कळवावे: बाद मतांपैकी किती खुणेमुळे गेली, किती पेनामुळे, आणि २०२३च्या मोजणीत पुढची पसंती नसल्याने किती मतपत्रिका संपल्या? उत्तर मराठीत द्यावे, नियमांचे क्रमांक नकोत.

आपला,
नांदेड जिल्ह्यातील एक पदवीधर मतदार